हेल्मेटमधला थर्माकोल

माझं पोट थर्माकोलवर चालतं. कारखान्यातून निघालेला फ्रिज, प्रिंटर किंवा टीव्ही गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत वाटेत अनेकदा आपटतो. ते आपटणं सोसायला त्याच्याभोवती काय लावायचं आणि किती जाड लावायचं, हे ठरवणं माझं काम. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत दिवसभर खोकी पाडणं चालू असतं. कोपऱ्यावर पाड, कडेवर पाड, सपाट पाड, उघड, मोज, पुन्हा नवं भर. त्यामुळे कोणी नवीन हेल्मेट आणून "बघ, कसलं भारी आहे" म्हटलं की मी ते उलटं करून आत बघते. समोरच्याला जरा रागच येतो. रंग, डिझाइन, काचेवरची ती निळसर चकाकी, सगळं त्याने बाहेरून दाखवायला आणलेलं असतं.

बाहेरचं कवच एबीएस प्लास्टिकचं असो, पॉलिकार्बोनेटचं असो, फायबरग्लासचं असो की कार्बन फायबरचं, त्याची कामं ठरलेली आहेत. टोकदार वस्तू आत घुसू द्यायची नाही, रस्त्यावरून घसरत जायचं, आणि एका ठिकाणी बसलेला मार आजूबाजूला पसरवायचा. सगळ्यात आतला मऊ कापडी भाग हेल्मेट डोक्यावर नीट बसावं म्हणून असतो. खरा मार खातो तो या दोघांच्या मधला थर. तो बहुतेकदा काळा असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. तो थर्माकोल. आम्ही वापरतो तोच पदार्थ, एक्स्पांडेड पॉलिस्टायरिन, फक्त बराच घट्ट. पॅकिंगचा थर्माकोल घनमीटरला पंधरा-वीस किलो भरतो. हेल्मेटमधला त्याच्या तिप्पट-चौपट सहज भरतो, आणि चांगल्या हेल्मेटात डोक्याच्या वेगवेगळ्या भागांपाशी वेगवेगळ्या घनतेचा थर असतो.

तो काय करतो हे आकड्यांत सांगते, कारण एकदा आकडे डोक्यात बसले की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. ईसीई या हेल्मेटच्या युरोपीय मानकाच्या मुख्य चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सेकंदाला ७.५ मीटर वेगाने पोलादी ऐरणीवर पाडतात. म्हणजे ताशी २७ किलोमीटर. "एवढंच?" असं इथे प्रत्येक जण विचारतो. पण पडताना डोकं जमिनीवर किती जोरात आदळणार, हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येतंय यावर ठरतं. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात जिरतो, अर्थात समोर खांब, कठडा किंवा दुसरी गाडी नसेल तर. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून खाली येताना जमिनीला लागेपर्यंत वेग होतो सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास. चाचणी त्याच्या पुढची आहे.

आता सेकंदाला ७.५ मीटर वेगाने येणारं डोकं थांबवायचं आहे. थर्माकोल चेपत चेपत तीन सेंटिमीटर जागा मिळाली, तर डोक्यावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ९५ पट, आमच्या भाषेत ९५ जी. तेच अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबवावं लागलं, तर ५७० जीच्या वर. मानकाची कमाल मर्यादा आहे २७५ जी. हा हिशोब अगदी आदर्श परिस्थितीचा आहे, प्रत्यक्षातला आलेख इतका सरळ नसतो. तरी गोष्ट तीच: हेल्मेट म्हणजे डोक्याला थांबायला मिळालेले तीन-चार सेंटिमीटर. हेल्मेटची काळजी घ्यायची म्हणजे ते सेंटिमीटर शाबूत ठेवायचे.

थर्माकोल चेपतो म्हणजे त्याच्या मण्यांमधल्या लाखो बारीक पोकळ्यांच्या भिंती वाकतात, मोडतात, आणि त्या मोडण्यात ऊर्जा खर्ची पडते. मोडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. आणि इथेच डोळे फसतात. जोरात दाबलेला थर्माकोल बोट काढल्यावर थोडा वर येतो. आमच्याकडे खोकं पाडल्यावर आतला ठोकळा काढून बघितला तर तो अनेकदा आहे तसाच दिसतो. नवशिक्या मुलं म्हणतात, "मॅडम, हा चालेल, पुन्हा वापरू." वापरून बघा म्हणते मी. तोच ठोकळा, तीच उंची, आणि दुसऱ्या वेळी सेन्सरवरचा आकडा पहिल्यापेक्षा चढलेला. तिसऱ्या वेळी आणखी. दिसायला जागच्या जागी असलेला थर आतून आपलं काम करून मोकळा झालेला असतो.

म्हणून अपघातात डोकं हेल्मेटसकट कशावरही आदळलं असेल, तर ते हेल्मेट संपलं. कवचाला ओरखडाही नसेल, रंग जागच्या जागी असेल, तरी संपलं. ते वाया गेलं असं म्हणू नका. ज्यासाठी घेतलं होतं ते काम त्याने केलं. "थोडंसंच लागलं होतं" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण किती थोडंसं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही बघून सांगता येणार नाही. फायबरच्या कवचात तर आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. काही लोक नाण्याने टकटक करून आवाज बद्द येतो का ते ऐकतात. बद्द आवाज आला तर ही नक्कीच वाईट बातमी आहे. पण खणखणीत आला म्हणून थर्माकोल चांगला आहे असं ठरत नाही, कारण ते नाणं थर्माकोलशी बोलतच नाही.

याच्या उलट टोकाची भीतीही असते. माझ्या भाच्याने नवं हेल्मेट घेतलं आणि आठवड्याच्या आत त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"मावशी, हेल्मेट टेबलावरून पडलं. गेलं का आता?"

"आत काय होतं?"

"काही नाही. रिकामं होतं."

"मग नाही गेलं. काच उघड-बंद करून बघ, कडा बघ, आणि वापर."

इंटरनेटवर त्याने वाचलं होतं की हेल्मेट एकदा हातातून पडलं की फेकून द्यायचं. हिशोब करून बघू. दीड किलोचं हेल्मेट पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडलं, तर जमिनीवर पोचताना त्यात ऊर्जा असते साधारण ११ ज्यूल. चाचणीत पावणेपाच किलोचं डोकं आणि दीड किलोचं हेल्मेट मिळून येतात तेव्हा असते १७० ज्यूलच्या वर. आणि आकड्यापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. थर्माकोल चेपतो तो बाहेरून कवच आणि आतून डोकं यांच्यामध्ये सापडून. डोकं आत नसेल तर त्याला चेपणारं कुणी नाही, त्याला फक्त स्वतःचं वजन सांभाळायचं असतं. रिकामं हेल्मेट टेबलावरून, गाडीच्या सीटवरून एखाद्या वेळी पडलं तर घाबरायचं कारण नसतं. मात्र आत कुलूप, पाण्याची बाटली किंवा वजनदार साखळी ठेवलेली असताना पडलं, तर त्या वस्तूने आतून डोक्याचं काम केलेलं असतं. तेही एका छोट्या जागी, म्हणजे जास्तच वाईट. गच्चीवरून पडलं, चालत्या गाडीवरून सुटून रस्त्यावर आपटलं, तर मी ते वापरणार नाही. आणि रोजच पडत असेल तर प्रश्न हेल्मेटचा नाही.

आता रोजच्या सवयी. हेल्मेट आरशावर अडकवणं ही माझ्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपणारी सवय. आरशाचं टोक नेमकं आतल्या थर्माकोलवर टेकतं आणि हेल्मेटचं सगळं वजन त्या एका बिंदूवर येतं. त्यात गाडी स्टँडवर हलते, वारा लागतो. कापडी अस्तर काढून बघा, बरेचदा तिथे खळगा सापडतो. ते तीन सेंटिमीटर आठवतात ना? त्यातला काही भाग आरशाने खाल्लेला असतो. पेट्रोलच्या टाकीवर झाकणाच्या तोंडाशी ठेवणंही तितकंच वाईट. पॉलिस्टायरिन पेट्रोलमध्ये विरघळतं. विश्वास नसेल तर पॅकिंगच्या थर्माकोलच्या तुकड्यावर थोडं थिनर टाका आणि बघा काय उरतं. नुसत्या वाफेने तसं होणार नाही, पण पेट्रोल भरताना चार थेंब उडायला काय लागतं. गरम सायलेन्सरजवळ, हीटरजवळ, उन्हात बंद कारच्या मागच्या काचेखाली, अशा जागाही टाळाव्यात. थर्माकोल स्वतः ऐंशी अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो, पण त्याच्या आधी गोंद, काचेवरचा लेप आणि पट्ट्याच्या आजूबाजूची प्लास्टिकं कुरकुरू लागतात. सपाट जागी, उलटं न ठेवता, कोरड्या कपाटात हेल्मेट सुखी असतं. शक्य असेल तर कापडी पिशवीत. प्लास्टिकची पिशवी नको, आत घामाची ओल कोंडते.

धुण्याबद्दल लोक मला भरभरून विचारतात, आणि उत्तर इतकं साधं असतं की ते निराश होतात. कोमट पाणी आणि लहान मुलांचा शॅम्पू. बस्स. अस्तर आणि गालांचे पॅड निघत असतील तर काढून बादलीत भिजवा, हाताने दाबून मळ काढा, पिळू नका, सावलीत वाळवा. पॅडच्या मागे प्लास्टिकची पातळ पट्टी असते, ती पिळताना मोडते आणि मग पॅड जागेवर बसत नाही, म्हणून वॉशिंग मशीन नको. काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा. डावा-उजवा पॅड सारखाच दिसतो, पण सारखा नसतो. अस्तर निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि उलटं करून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको. घाम, डोक्याचं तेल, सनस्क्रीन, मेकअप हे सगळं अस्तरातून हळूहळू झिरपतं. डोक्याला पातळ सुती रुमाल किंवा टोपी घातली तर धुणं निम्म्यावर येतं, फक्त ती इतकी जाड नको की हेल्मेटचं माप बदलेल.

काच म्हणजे व्हायझर. ही खरं तर काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून कडक लेप असतो. त्यावर वाळलेले किडे आणि चिखल नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडले की तो लेप जातो. ओला टिश्यू किंवा फडकं काचेवर पसरा, दहा मिनिटं चहा प्या, मग सगळं आपोआप सुटून येतं. घरातल्या खिडक्यांसाठी मिळणारे अमोनियावाले स्प्रे, ॲसिटोन, स्पिरिट, थिनर यांतलं काही नको. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून लेप किंवा वेगळी पातळ काच बसवलेली असेल, तर ती फारच नाजूक असते. तिला फक्त पाणी आणि मऊ कापड. काच अडकू लागली, खरखर करू लागली तर दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये धूळ भरलेली असते. ती जुन्या टूथब्रशने काढा आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाका. गाडीच्या चेनचं तेल नको. आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती तारे दिसू लागले की काच बदला. हेल्मेट बदलण्यापेक्षा हे फार स्वस्तात होतं, तरी लोक वर्षानुवर्षं धुक्यातून गाडी चालवतात. मला याचं खरंच आश्चर्य वाटतं.

स्टिकर आणि रंग. पॉलिकार्बोनेटला सॉल्व्हंटचं वावडं आहे. स्प्रे पेंटमधलं किंवा गोंदातलं सॉल्व्हंट ताणाखाली असलेल्या भागात शिरलं की बारीक बारीक चिरा पडतात, आणि त्या रंगाखाली दिसत नाहीत. कंपनीने मुद्दाम दिलेले स्टिकर ठीक. बाकी हौस मी तरी गाडीवर भागवते. कॅमेरा लावण्यासाठी कवचाला भोक पाडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पट्टा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सगळं उत्तम असूनही पट्टा सुटला तर हेल्मेट रस्त्यावर वेगळं आणि डोकं वेगळं. कडांच्या दशा निघाल्या आहेत का, शिवण उसवली आहे का, कवचाला जिथे रिव्हेटने धरलं आहे तिथे हलतंय का, हे अस्तर काढलेलं असतानाच बघून घ्या. खाचांच्या बक्कलमध्ये दात झिजतात. बंद करून जोरात ओढा, एक दातही सरकायला नको. दोन लोखंडी कड्यांच्या बक्कलमध्ये झिजायला फारसं काही नसतं, म्हणून मला तेच आवडतं. हातमोजे घालून ते लावायचं म्हणजे तपश्चर्या आहे, हे कबूल.

आता वय. पाच वर्षांनी बदला, असं सगळे सांगतात. हा आकडा कुठून आला? पीट स्नेल नावाचा शर्यतपटू १९५६ मध्ये शर्यतीतल्या अपघातात गेला. त्याच्या हेल्मेटने त्याला वाचवलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था सुरू झाली, जी आजही हेल्मेटची मानकं ठरवते आणि तपासते. ही संस्था आणि अनेक कंपन्या पाच वर्षांची शिफारस करतात. कारणं अशी देतात: गोंद, रेझिन, घाम, तेल, सौंदर्यप्रसाधनं, रोजची झीज, आणि शिवाय मधल्या काळात हेल्मेटं सुधारतात. काही कंपन्या याला जोडून म्हणतात, बनवल्यापासून सात वर्षं. म्हणजे दुकानात पडून राहिलेला काळही धरायचा.

माझ्या धंद्यातून बघता, पाच वर्षं आणि एक दिवस झाला म्हणून थर्माकोल मरत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी वापरलेली शेकडो सायकल हेल्मेटं जमवून आतला फोम तपासला. वयामुळे त्याचे गुणधर्म बिघडल्याचं दिसलं नाही. हे मला अजिबात नवल वाटलं नाही. पॉलिस्टायरिन नुसतं पडून राहिलं तर फार टिकतं, पर्यावरणवाले उगाच ओरडत नाहीत. मग मी पाच वर्षांचा नियम पाळते का? साधारण पाळते, पण कारण वेगळं आहे. थर्माकोल टिकतो, त्याच्या भोवतालचं टिकत नाही. अस्तराचा स्पंज रोज चेपून चेपून पातळ होतो आणि हेल्मेट सैल होतं. सैल हेल्मेटात डोकं आधी आत हिंदकळतं आणि मग थर्माकोलला भिडतं. पडताना तर ते फिरून कपाळ उघडं पाडू शकतं.

सैल झालंय की नाही हे ओळखायला सोपं आहे. पट्टा लावा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि चेहरा जागीच राहिला, तर ते सैल. मग मागच्या खालच्या कडेला धरून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघून आलं तर विषय संपला. नुसते गालांचे पॅड आणि अस्तर बदलून काम भागत असेल आणि हेल्मेट दोन-तीन वर्षांचंच असेल, तर पॅड बदला. रोज तासन्‌तास वापरणाऱ्याचं चार वर्षांत संपेल. रविवारी एक फेरी मारणाऱ्याचं कदाचित सात वर्षं नीट राहील. पण हात फिरवल्यावर आतून काळा भुगा पडू लागला, थर्माकोल कवचापासून सुटून हलू लागला, दाबल्यावर कुठे मऊ लागला, कवचावर केसासारखी चीर दिसली, तर वय विचारत बसू नका.

तारीख कुठे बघायची? अस्तराखाली किंवा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर महिना आणि वर्ष असतं. ईसीईवाल्या हेल्मेटच्या पट्ट्यावरच्या लेबलात गोलात ई आणि देशाचा आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली. त्याखालच्या क्रमांकाची सुरुवात ०५ ने असेल तर जुनं २२.०५ मानक, ०६ ने असेल तर नवं २२.०६. नव्यात कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांच्या चाचण्या वाढवल्या आहेत आणि तिरक्या ऐरणीवरचीही आहे. डोकं सरळ आपटण्याबरोबर गरकन फिरतं, त्या फिरण्याचं मोजमाप तिच्यात होतं. तुमचं हेल्मेट ०५ वालं आणि म्हातारंही असेल, तर बदलायला हे एक चांगलं निमित्त.

दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट मी घेत नाही, कितीही ओळखीचं माणूस असो. ते खोटं बोलतील असं नाही, पण त्यांच्याकडे असताना हेल्मेटने काय काय सोसलंय, हे त्यांनाही आठवत नसतं.

जुनं हेल्मेट टाकताना एक गोष्ट कराच. पट्टा दोन्ही बाजूंनी कापा आणि कवचावर जाड मार्करने "खराब" लिहा. नुसतं कचऱ्यात टाकलं तर कुणीतरी ते उचलून, पुसून वापरणार, आणि बाहेरून बघून त्याला काहीच कळणार नाही. त्याआधी जवळच्या रुग्णवाहिका सेवेत किंवा अग्निशमन दलात विचारून बघा. मान न हलवता जखमी माणसाच्या डोक्यावरून हेल्मेट कसं काढायचं याचा सराव करायला त्यांना जुनी हेल्मेटं लागू शकतात. सरावासाठी दिलंत तर पट्टा कापू नका. तो सोडवणं हीच त्या सरावातली पहिली पायरी असते.